जुनी गाडी, धूर आणि रस्ता कर: ग्वाल्हेरच्या वाहनमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरमधील अनेक मराठी घरांत वडिलांच्या काळातली एखादी गाडी अजून अंगणात उभी असते, आणि दिल्ली जवळ असल्यामुळे तिथून स्वस्तात मिळणारी जुनी गाडी आणावी असा विचारही वरचेवर होत असतो. या दोन्ही प्रसंगी कर, नूतनीकरण, पीयूसी (धूर तपासणीचे प्रमाणपत्र) आणि भारत स्टेज (बीएस, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या सरकारी मर्यादांची पायरी) हे शब्द एकमेकांत मिसळतात आणि माणूस चुकीच्या ठिकाणी पैसे घालून बसतो. शहराच्या लष्कर आणि मुरार या भागांतील परिचितांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रदूषणावर आधारित रस्ता कर म्हणजे काय? तो आपल्याकडे आहे का?

गाडी किती प्रदूषण करते हे मोजून किंवा ठरवून त्यानुसार वाहनावर कर लावणे, असा याचा अर्थ आहे. ब्रिटनमध्ये १ मार्च २००१ पासून नोंदलेल्या मोटारींचा वार्षिक कर दर किलोमीटरला बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमवर ठरू लागला. त्याआधीच्या मोटारींचा कर मात्र आजही इंजिन १५४९ सीसीपेक्षा मोठे आहे की नाही, यावर ठरतो. जर्मनीत १ जुलै २००९ पासून इंजिनाचा आकार आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींची सांगड घातलेली आहे.

आपल्याकडे अशी सरळ पद्धत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार वाहनांवरील कर हा राज्यांचा विषय आहे, आणि मध्य प्रदेशात १९९१ च्या मोटारयान कराधान अधिनियमाखाली तो घेतला जातो. खाजगी मोटारीचा आजीवन कर ठरताना मुख्यतः गाडीची किंमत पाहिली जाते; धुरांड्यातून काय बाहेर पडते हे कोणी मोजत नाही. प्रदूषणाचा विचार आपल्या व्यवस्थेत येतो तो आडवाटेने, म्हणजे गाडीचे वय, इंधन आणि भारत स्टेज यांच्या रूपाने. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढची बहुतेक उत्तरे आपोआप उलगडतात.

मग 'हरित कर' कशाला म्हणतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या प्रस्तावाचे ते नाव आहे. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनांवर फिटनेसच्या नूतनीकरणाच्या वेळी रस्ता कराच्या १० ते २५ टक्के, खाजगी वाहनांवर पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी, आणि अतिप्रदूषित शहरांत नोंदलेल्या वाहनांवर ५० टक्क्यांपर्यंत, असे त्याचे स्वरूप होते. सीएनजी, एलपीजी, इथेनॉल आणि विजेवर चालणारी वाहने तसेच शेतीची वाहने त्यातून वगळलेली होती. लागू करायचे की नाही, हे राज्यांनी ठरवायचे होते. महाराष्ट्रात असा पर्यावरण कर २०१० पासूनच आहे. तेव्हा पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल मोटारीला पाच वर्षांसाठी ३,००० रुपये आणि डिझेल मोटारीला ३,५०० रुपये असा दर होता. म्हणूनच पुण्याच्या किंवा नागपूरच्या नातेवाइकांनी सांगितलेला आकडा ग्वाल्हेरच्या गाडीला लावू नये. आपल्या गाडीवर राज्याची काही रक्कम देय असेल तर ती सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातल्यावर वेगळी दिसते, आणि भरण्याच्या दिवशी दिसेल तोच दर खरा मानावा.

जुनी गाडी खरोखरच जास्त प्रदूषण करते का?

याचे उत्तर आपण कोणत्या प्रदूषणाविषयी बोलतो त्यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात.

कार्बन डायऑक्साइड जळलेल्या इंधनाच्या प्रमाणात निघतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो. आमच्या घरी १९९८ साली नोंदलेली मारुती ८०० आहे. ती लहान, हलकी आणि लिटरला सतरा किलोमीटर चालणारी असल्यामुळे तिचा हिशेब किलोमीटरला साधारण १३५ ग्रॅम येतो. लिटरला बारा किलोमीटर देणाऱ्या आजच्या एखाद्या मोठ्या डिझेल गाडीचा हाच आकडा सव्वादोनशेच्या आसपास जातो. म्हणजे केवळ कार्बन डायऑक्साइडवर कर लावला, तर आमची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गाडी शोरूममधून नुकत्याच बाहेर आलेल्या गाडीपेक्षा कमी कर भरेल.

मात्र आपल्या नाकातोंडात जाणारा धूर हा वेगळा विषय आहे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि डिझेलची काजळी या गोष्टी महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला त्रास देतात, आणि यांत जुनी गाडी निश्चितच मागे आहे. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची सक्ती १९९५ मध्ये आधी फक्त चार महानगरांत झाली. भारत स्टेजच्या मर्यादा पाहिल्या तर डिझेल मोटारीला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, ती १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ०.०८ ग्रॅम झाली. सूक्ष्म कणांची मर्यादा ०.०२५ वरून ०.००४५ वर आली. हा फरक पाचपटींहून अधिक आहे, आणि त्याची किंमत आपल्या मुलांच्या फुप्फुसांत मोजली जाते. माझा आमच्या जुन्या गाडीवर जीव आहे, पण हे आकडे मी नाकारू शकत नाही. म्हणून ती रोजच्या धावपळीला न काढता आठवड्यातून एखाद्या वेळी काढावी, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे. वयावर आधारित शुल्काची खरी उणीवही इथेच दिसते: वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला आणि वीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते एकाच तराजूत तोलते.

गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. नूतनीकरणाला किती खर्च येईल?

खाजगी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र (आर.सी.) पंधरा वर्षे चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीचे नूतनीकरण शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले, मोटरसायकलचे ३०० वरून १,००० रुपये झाले, आणि आयात केलेल्या मोटारीचे ४०,००० रुपये ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी पायरी आली: मोटरसायकलला २,०००, मोटारीला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये, त्यावर जीएसटी निराळा. हे शुल्क केंद्राचे आहे. राज्याची देणी असल्यास ती त्याहून वेगळी.

अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. उशीर झाल्यास मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये आणि मोटरसायकलला ३०० रुपये जादा द्यावे लागतात. २०२३ मध्ये मी स्वतः दोन महिने उशीर केला, कारण आर.सी.ची जुनी कागदी पुस्तिका वडिलांच्या कपाटात होती आणि तिच्यावरची शाई इतकी फिकी झाली होती की २०२३ मधला ३ हा मी ८ वाचला. हजार रुपये गेले ते गेलेच; त्याहून मोठा धोका असा होता की त्या दोन महिन्यांत गाडी कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी होती आणि अपघात झाला असता तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळाले असते. तारीख पुस्तिकेवरून वाचू नका, संकेतस्थळावरून वाचा.

दिल्लीत जुन्या गाड्या फार स्वस्त मिळतात. तिथली गाडी ग्वाल्हेरला आणावी का?

हा प्रश्न आपल्या शहरात सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाड्या स्वस्त का आहेत, हे आधी समजून घ्यावे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवरील बंदी कायम केली. साहजिकच नऊ वर्षांची धडधाकट डिझेल गाडी तिथे मातीमोल होते आणि राजधानी क्षेत्राबाहेर असलेल्या ग्वाल्हेरसारख्या शहरात तिला गिऱ्हाईक मिळते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे म्हटले, आणि १७ डिसेंबर २०२५ रोजी ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. याचा अर्थ असा की निव्वळ वयाऐवजी आता भारत स्टेजला महत्त्व आले आहे. मला हे योग्य दिशेने पडलेले पाऊल वाटते, कारण धूर जन्मतारखेतून निघत नाही, इंजिनातून निघतो.

आता एक बारकावा, जो व्यवहार करताना फार थोड्यांच्या ध्यानात येतो. बीएस-४ हे मानक २०१० मध्ये आधी दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, सोलापूर, आग्रा अशा तेरा शहरांत आले आणि संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ रोजी आले. ग्वाल्हेर त्या तेरांत नव्हते. त्यामुळे २०१३ साली दिल्लीत नोंदलेली डिझेल मोटार बीएस-४ असते, तर त्याच वर्षी एम.पी. ०७ क्रमांक मिळालेली त्याच मॉडेलची मोटार बीएस-३ असू शकते. दोघींचे वय सारखे, रंगरूप सारखे, पण दिल्लीच्या रस्त्यावर एकीला मुभा आणि दुसरीला मज्जाव. गाडी घेताना वर्ष विचारून थांबू नये, आर.सी.वरील उत्सर्जन मानकाचा रकाना स्वतः वाचावा आणि 'वाहन' संकेतस्थळावर पडताळून पाहावा.

कागदपत्रांचा क्रम असा: आधीच्या कार्यालयाकडून नमुना २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेचा नमुना ३५, मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३०, आणि नवीन क्रमांकासाठी नमुना २७. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मध्य प्रदेशचा कर नव्याने भरावा लागतो, आणि दिल्लीत भरलेल्या आजीवन कराच्या उरलेल्या काळाचा परतावा तिथल्या कार्यालयाकडे मागावा लागतो. तो परतावा ज्याच्या नावाने मागायचा त्याचे नाव आणि सही सौदा होतानाच ठरवून घ्यावी. पैसे मिळाल्यावर विकणारा फोन उचलेलच असे नाही.

माझ्या एका स्नेह्याने दलालाच्या शब्दावर एनओसी न पाहता पूर्ण रक्कम देऊन डिझेल गाडी आणली. तिची नोंदणी दिल्लीत आधीच रद्द झालेली निघाली. गाडी सात महिने जिवाजीगंजातल्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती, आणि शेवटी सुट्या भागांच्या भावाने गेली. ना हरकत प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझी गाडी ग्वाल्हेरचीच आहे. ती घेऊन दिल्लीला जाता येईल का?

धौलपूर, आग्रा, मथुरा इथपर्यंत या निर्बंधांचा प्रश्न येत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पलवलपासून राजधानी क्षेत्र सुरू होते. हिवाळ्यात हवा जसजशी बिघडते तसतसे तिथे टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात; त्यांचा तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर येथे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी चालवता येत नाहीत. लग्नसराई आणि विमानतळाच्या फेऱ्या नेमक्या याच दिवसांत येतात. निघण्याच्या दिवशी सकाळी कोणता टप्पा लागू आहे ते पाहावे, आणि शंका असेल तर सरळ रेल्वेने जावे.

मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तिथे कर वाढल्यामुळे जुन्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. एखादी इकडे आणता येईल का?

तिथल्या किमती पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. लंडनमध्ये २०१९ पासून अतिकमी उत्सर्जन क्षेत्र आहे आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून ते संपूर्ण महानगरात लागू झाले; त्याचे मानक न पाळणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. जपानमध्येही तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल आणि अकरा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींचा कर वाढतो, आणि तिथल्या असंख्य जुन्या मोटारी परदेशी रवाना होतात. शिवाय दोन्ही देशांत सुकाणू आपल्यासारखेच उजवीकडे असते.

परंतु भारताचे दार या गाड्यांना जवळजवळ बंद आहे. वापरलेली मोटार आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा, ती मुंबई बंदरातूनच उतरवावी आणि पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था किंवा आपल्याच राज्यातील बुधनीची संस्था अशा अधिकृत ठिकाणी तिची चाचणी व्हावी. सीमाशुल्क आणि त्यावरील उपकर मिळून गाडीच्या मूल्याच्या सव्वापटीहून अधिक होतात. म्हणजे पाच लाखांच्या गाडीवर सव्वासहा लाखांहून जास्त शुल्क, त्यावर जीएसटी, त्यावर राज्याचा रस्ता कर, आणि पंधरा वर्षांनी आयात गाडीचे ते चाळीस हजारांचे नूतनीकरण. दहा-बारा वर्षांची गाडी तर नियमातच बसत नाही. मुलाने ती तिथेच विकावी, हेच शहाणपणाचे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीचे काय?

तिच्यासाठी स्वतंत्र आणि बरीच उदार वाट आहे. जुलै २०२१ मधील नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो, आणि सरदारांच्या वाड्यांतून आलेल्या गाड्यांच्या बाबतीत त्या क्रमांकाचे मोल घरच्यांनाच ठाऊक असते. अट अशी की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणावी. रोजच्या वापराला किंवा भाड्याने देण्याला मनाई आहे. नातवाला शाळेत सोडायचे असेल तर गाडीची साधी नोंदणीच चालू ठेवावी.

आयातीतही सवलत आहे. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या मोटारींनाच परवान्याविना मोकळीक होती. २०२५ च्या सुरुवातीपासून पन्नास वर्षे पूर्ण केलेली कोणतीही गाडी वैयक्तिक वापरासाठी आणता येते, मात्र ती इथे विकता येत नाही. तुलनेसाठी, जर्मनीत तीस वर्षांच्या जतन केलेल्या मोटारीला वर्षाला १९१.७३ युरो असा ठोक कर आहे आणि ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर अर्ज करून कर माफ होतो.

बीएच (भारत मालिका) क्रमांकाच्या गाडीला इंधनानुसार कर असतो, हे खरे का?

होय. बदलीच्या नोकरीतील लोकांसाठी सप्टेंबर २०२१ पासून असलेल्या या मालिकेत दहा लाखांखालील गाडीला ८, दहा ते वीस लाखांना १० आणि त्यावर १२ टक्के असा दर आहे. डिझेलला दोन टक्के जास्त आणि विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो.

जुनी गाडी मोडीत काढून मेळ्यात नवी घ्यावी का?

ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना रस्ता करात ५० टक्के सूट देण्याचा प्रघात अलीकडच्या वर्षांत आहे. ती आपोआप मिळत नाही. त्या वर्षीची शासनाची अधिसूचना निघावी लागते आणि गाडी मेळ्यातील विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. ही सूट धूर पाहून दिलेली नसते. मोठ्या डिझेल गाडीलाही ती मिळते, आणि महाग गाडीवर रुपयांत ती अधिक भरते, ही गोष्ट मला खटकते.

अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खाजगी वाहनाच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, आणि नोंदणी शुल्क माफ होते. भंगारवाल्याला गाडी दिली तर दोन पैसे जास्त मिळतील, पण प्रमाणपत्र मिळणार नाही आणि नोंदणी आपल्याच नावावर राहील.

पीयूसीत गाडी नापास झाली. आता नूतनीकरण होणार नाही का?

आधी घाबरून मेकॅनिक बदलू नये. सन २००० च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. पहिल्या गटातल्या गाडीला दुसऱ्या गटाची मर्यादा लावून नापास केले नाही ना, हे पावतीवर पाहावे. आमच्या मारुतीचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा एकदा ४.१ आला होता. प्लग काढले तर चारही बाजूंनी मऊ काळी काजळी, बोटाला लागली की साबणाने निघत नव्हती. एअर फिल्टर हलवला तर त्यातून अंगणातली कडुनिंबाची पाने पडली. प्लग साफ केले, फिल्टर बदलला, कार्बुरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, दहा किलोमीटर चालवून इंजिन चांगले तापवले आणि मग पुन्हा नळी लावली, तेव्हा आकडा १.६ वर आला. थंड इंजिनावर चाचणी कधीही देऊ नये. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याआधीच्यांचे सहा महिने. म्हणून नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल तर चाचणी पंधरा दिवस आधी करून घ्यावी, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.